फ्लॅटमध्ये ओटी कशी करायची

बाबा गेल्यावर आईनं गुहागर तालुक्यातलं घर बंद केलं आणि ती आमच्याकडे डोंबिवलीला आली. 2022 ची दिवाळी नुकतीच झाली होती. ती तेव्हा 76 वर्षांची होती. पहिला महिना ती स्वयंपाकघरात काही ना काही करत राहिली, मग हळूहळू खोलीतच राहायला लागली. दुपारी जेवून झोपायची ती दिवेलागणीला उठायची. रात्री दोन-तीनला पलंगावर बसून असायची आणि मी पाणी प्यायला उठलो की विचारायची, "उजाडलं का रे?"

आम्ही म्हणालो, बाबांचं दुःख आहे, वय आहे, लागेल वेळ. मार्चमध्ये तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत बी-12 फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी एक गोळी दिली. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी खिडक्या, दिवे, बाकडं आणि ओटी, म्हणजे घराच्या दर्शनी भागातली उघडी बसायची जागा, यांबद्दल लिहिणार आहे आणि त्यातलं काहीही औषधाच्या जागी नाही. घरातलं माणूस दोन-तीन आठवडे उदास असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर आधी डॉक्टर. खोलीचं काम त्याच्या जोडीनं करायचं.

त्या डॉक्टर बाईंनी निघताना एक प्रश्न विचारला होता. "आजी दिवसभर बसतात कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. मी 32 वर्षं ड्राफ्ट्समन आहे. शेकडो घरांचे नकाशे काढले, कुणाचा पलंग कुठे, कपाट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार हे सगळं दाखवलं. आपली आई दिवसाचे 24 तास कुठे असते हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून सुरुवात नकाशापासूनच करा. चौकटीच्या वहीत घराचा ढोबळ नकाशा काढा, एक फूट म्हणजे एक चौकोन. सुबक यायची गरज नाही, पण खिडक्या आणि दारं बरोबर जागी हवीत. घरातल्या प्रत्येकाला एक रंग द्या. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी जो जिथे असेल तिथे त्याच्या रंगाचा ठिपका. घराबाहेर असेल तर ठिपका नाही.

आमच्या नकाशात आईचे जवळजवळ सगळे ठिपके मागच्या खोलीत पडले. दहा बाय दहाची खोली. खिडकीसमोर साधारण तीन मीटरवर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे पाइप. पुढची पूर्वेची बेडरूम आमची होती, मी आणि बायको दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते सातला परततो. म्हणजे उजेडाची खोली दिवसभर रिकामी, आणि जी घरात दिवसभर असते ती अंधाऱ्या खोलीत. मोठी खोली नवराबायकोची, मागची म्हाताऱ्यांची, हे आम्ही कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. बहुतेक घरांत ते असंच होतं. मला आता वाटतं की खोल्या कमाईवरून किंवा मानावरून वाटूच नयेत. जो घरात सर्वांत जास्त तास असतो त्याला सर्वांत जास्त उजेड. घरून काम करणारी मुलगी असेल तर तिला, बाळंतीण असेल तर तिला, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर आधी त्याला.

आता उजेडाची परीक्षा. प्रत्येक ठिपक्याच्या जागी जाऊन बसा, उभं राहून बघू नका. माणूस जमिनीवर बसत असेल तर जमिनीवर, पडून असेल तर आडवं व्हा. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का ते पाहा. दिसत असेल तर तिथे दिवसाचा उजेड थेट पोचतो. दिसत नसेल तर खिडकी कितीही मोठी असो, तिथे येणारा उजेड समोरच्या भिंतीवरून आपटून आलेला, उरलासुरला. आमच्या व्यवसायात खिडकीचं माप क्षेत्रफळावर ठरतं. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत खोलीच्या एक षष्ठांश, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीला सुमारे 17 चौरस फूट. आईच्या खोलीत तेवढी खिडकी होती. कागदावर सगळं बरोबर होतं. पलंगावर आडवा झालो तेव्हा मला खिडकीतून नुसता पिवळट प्लास्टर दिसला, पावसाच्या ओघळांचा.

डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण डोळा सावरून घेतो. मोबाइलवर उजेड मोजणारं एखादं ॲप टाका. आकडे अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. ट्यूबलाइटखाली शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. ढगाळ दिवशी गच्चीत जा, तिथे काही हजार भरतील. शरीराला कळणारा दिवस हा तो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम बघण्याचं नाही, मेंदूतल्या घड्याळाला बाहेर किती उजेड आहे ते कळवण्याचं आहे. सकाळचा भरपूर उजेड ते घड्याळ लावतो. तो मिळाला नाही आणि रात्री दिवे जळत राहिले की घड्याळ सरकत जातं. आईचं रात्री तीनचं "उजाडलं का रे?" मला त्यानंतर वेगळं ऐकू यायला लागलं. तिच्या खोलीत दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा यांत फरकच नव्हता, ती विचारणार तरी दुसरं काय?

आम्ही खोल्या बदलल्या. बायकोनंच आधी म्हटलं, "आपण तर झोपायलाच जातो तिथे, आईंना देऊ या." एका रविवारचं काम. पलंग असा लावला की उशीवरून खिडकी बाजूला दिसेल. खिडकी थेट डोळ्यांसमोर ठेवली तर सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि माणूस पडदा ओढूनच टाकतो. पाठीमागे भरीव भिंत, समोर तिरकं दार, म्हणजे कोण आलं ते मान न वळवता दिसतं. दाराकडे डोकं करून झोपवलेलं माणूस दचकत राहतं, हे मी माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात पाहिलेलं आहे.

त्या खिडकीबाहेर एक सोनमोहर आहे. खिडकीतून काय दिसतं याला मी आधी कधी महत्त्व दिलं नव्हतं. मग रॉजर उलरिक यांच्या 1984 सालच्या अभ्यासाबद्दल वाचलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी जुन्या नोंदींवरून लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा दावा करू नये. पण मीही आईला पाच महिने भिंतीसमोरच ठेवलं होतं, त्यामुळे तो वाचून मला झोप आली नाही.

झाड नसेल तर? रस्ता चालेल. माणसं, रिक्षा, शाळेतून येणारी मुलं, भाजीची गाडी. काहीतरी हलणारं हवं. भिंतच असेल आणि खोली बदलता येणार नसेल, तर दिवसातले निदान दोन तास त्या माणसाची खुर्ची घरातल्या दुसऱ्या खिडकीशी न्या, सकाळी दहाच्या आधी. खिडकीच्या आतल्या बाजूंना पांढरा रंग द्या, उजेड आत जास्त येतो. बॉक्स ग्रीलमध्ये रचलेले डबे, जुन्या कुंड्या, सुटकेसा काढा. मी आमची काढली तेव्हा खिडकीचा खालचा तिसरा भाग मोकळा झाला. ग्रीलमध्ये उघडणारी झडप ठेवलीच पाहिजे आणि तिची किल्ली तिथेच खिळ्याला, आग लागली तर तीच वाट.

हवेचंही इथेच सांगतो. दोन ट्रॅकची सरकती खिडकी निम्मीच उघडते, हे लोक विसरतात. वारा आत यायला त्याला बाहेर जायची वाट लागते. म्हणून समोरचं दार किंवा स्वयंपाकघराची खिडकी त्याच वेळी उघडा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. दोघं माणसं बंद खोलीत रात्रभर एसी लावून झोपली की सकाळी डोकं जड होतं, त्याला हे एक कारण आहे. दार बोटभर उघडं ठेवा.

रात्रीच्या दिव्यांचं काम सगळ्यात स्वस्त आहे. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, दुकानातला. 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. आईच्या खोलीत ट्यूब राहू दिली, दिवसासाठी. संध्याकाळी सातनंतर ती बंद, आणि पलंगाशेजारी 2700 चा लहान दिवा. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला मंद पिवळा दिवा. रात्री उठल्यावर छताची ट्यूब लावली की झोप गेलीच समजा.

फरशीबद्दल कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे दोन बाय दोनच्या चकचकीत क्रीम रंगाच्या टाइल्स. आई भिंतीला हात लावत चालायची. आम्हाला वाटलं गुडघे. एक दिवस म्हणाली, "सगळीकडे पाणी सांडल्यासारखं दिसतं." खिडकीचा उजेड टाइलवर पडून चमकायचा आणि तिच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते ओलं वाटायचं. आयुष्यभर ती सारवलेल्या जमिनीवर आणि नंतर लाल कोब्यावर चालली होती, दोन्ही उजेड पिऊन टाकतात. मग तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बिनचमकीचं व्हिनाइल चिकटवून घेतलं, कडा नीट दाबून. सुटी पायपुसणी काढली, त्यांत पाय अडकतो, आणि गडद रंगाचं पायपुसणं कमजोर नजरेला खड्ड्यासारखं दिसतं. पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड दिसत नाही, म्हणून निळी सीट बसवली. यात सौंदर्य काही नाही. पण पडायची भीती मनात असेल तर माणूस उठतच नाही, आणि उठत नाही तो कुणाला भेटत नाही.

आवाजाचं थोडक्यात. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट असेल, म्हणजे ती घुमली, तर त्या खोलीत मिक्सर, टीव्ही आणि माणसांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. ज्याला कमी ऐकू येतं तो अशा खोलीत बोलणं सोडून देतो. जाड सुती पडदे, भिंतीला पुस्तकांचं कपाट, पलंगावर गोधडी, एवढ्यानं शेपूट आखूड होतं. टीव्ही जिथे लोक बोलतात त्याच खोलीत असेल तर जेवताना बंद.

आता ओटी.

गावच्या घरी आईची जागा ओटीवर होती. कोकणातली ओटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पाठीला माजघराची भिंत, डोक्यावर कौलं, समोर खळं, तुळस आणि पलीकडे पाणंद. आई तिथे शेंगा सोलायची, वाती वळायची, येणारा-जाणारा विचारायचा, "काय करताय काकी?" आत बोलवायची जबाबदारी नाही, दार लावून घेतल्याचा अपमान नाही. घरात असूनही माणसांत असण्याची ती जागा. गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांनी हेच काम केलं. फ्लॅटमध्ये दार लागलं की घर संपतं.

आणि आमच्या फ्लॅटला जी काही ओटी होती ती मीच घालवली होती. 2006 मध्ये घर घेतलं तेव्हा हॉलला चार फुटांची बाल्कनी होती. मी ती हॉलमध्ये घेतली, भिंत पाडली, सरकत्या काचा लावल्या, सोफा सरकवला, जाड पडदा टाकला. हॉल मोठा दिसायला लागला. इतरांनाही मी हेच करून दिलं, कित्येकांना. तुमची बाल्कनी अजून शाबूत असेल तर ती आत घेऊ नका, कुणीही कितीही चौरस फुटांचा हिशोब दाखवला तरी. तिथून वॉशिंग मशीन हलवा, कपडे वाळत घालायची दोरी एका बाजूला घ्या आणि एक खुर्ची ठेवा.

माझी परत आणता आली नाही. पण सोफा काढून भिंतीला लावला, जाड पडद्याच्या जागी पातळ पांढरा पडदा आला, आणि त्या चार फुटांच्या पट्ट्यात आईची हातांची खुर्ची ठेवली. सकाळचा चहा तिथे. तुळशीची कुंडीही तिथे, आणि तिला पाणी घालायचं काम फक्त आईचं. आम्ही कुणी हात लावत नाही, ती आजारी असली तरी विचारूनच. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग मांडला आहे. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप तुम्ही सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक तरतरीत आणि आनंदी दिसली. मी हे वाचून आईच्या खोलीत गेलो तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर कपाटामागे होता. पंखा किती फिरावा हे पाच महिने आम्ही ठरवत होतो. वायरमन बोलावून पंखा, दिवा आणि बेल यांचे स्विच पलंगावरून हात पोचेल तिथे आणले. पडद्याची दोरीही लांब केली. हे जरूर करा, खर्च फार नाही.

दुसरी ओटी दारात. 1950 साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोण कोणाचा मित्र झाला याचं उत्तर बरंचसं दारांच्या अंतरात सापडलं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त मैत्री होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जात. आमचं दार लिफ्टसमोर आहे. त्या दाराच्या आत, उजव्या हाताला, घरातली सगळ्यात मोक्याची जागा आम्ही चपलांच्या कपाटाला दिली होती. कपाट पॅसेजमध्ये आत हलवलं. तिथे पाठीचं आणि हातांचं लाकडी बाकडं सुताराकडून करून घेतलं. बसायची उंची 17 इंच. त्याहून खाली बसलं की दुखऱ्या गुडघ्यांना उठता येत नाही आणि एकदा अवघड गेलं की माणूस परत बसत नाही. पाठीला भिंत, वर 2700 चा दिवा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुख्य दार उघडं, जाळीचं सेफ्टी डोअर आतून कडी लावून बंद. बाकडं दाराच्या आतच हवं. बाहेरच्या लॉबीत काहीही ठेवू नका, तो आगीच्या वेळचा रस्ता आहे.

पहिले आठ दिवस आई बसली नाही. "लोक काय म्हणतील, दारात बसून काय करते." आम्ही आग्रह केला नाही. बायकोनं तिच्याकडे निवडायला मेथी दिली आणि म्हणाली, "आत अंधार आहे, तिथे उजेडात बसा." हातात काम आल्यावर ती बसली. लिफ्टमधून उतरणाऱ्या मुलांपैकी एकानं विचारलं, "आजी, काय करताय?" तेवढं पुरलं.

झोप लागायला लागली ती त्यानंतर महिनाभरानं. किती औषधानं, किती खिडकीनं, ते वेगळं काढता येणार नाही. अजूनही काही रात्री ती उठून बसते. पण सहाला पडदा तीच सरकवते.

बाकडं करताना माझं एक माप चुकलं, ते तुम्ही चुकवू नका. मी एका माणसाची जागा धरली. तिसऱ्या महिन्यापासून वरच्या मजल्यावरच्या एक आजी लिफ्टनं खाली येऊन जाळीबाहेर उभ्या राहायला लागल्या, आणि त्यांना आत घेतलं तर बसवायला जागा नव्हती. आता बाकड्यासमोर एक स्टूल आहे, भिंतीला टेकवलेलं, आणि दोघींच्या गुडघ्यांमध्ये एक फूट मोकळं. तेवढं बसवायला दार उघडण्याची बाजू बदलावी लागली. बिजागऱ्या उलट्या बाजूला घ्यायला सुताराचा अर्धा दिवस गेला.